कोरल आलं आणि शेजारच्या काकू रडत धावल्या

मंडळी, आज आमच्या गोंदियातल्या घरी समुद्रातला पाहुणा आला. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मुठीएवढं, फुलकोबीच्या गड्ड्यासारखं दिसणारं जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ!

आधी त्याची पिशवी टाकीत तरंगत ठेवली, म्हणजे दोन्हीकडच्या पाण्याचं तापमान सारखं होईल. मग बारीक नळीने टाकीतलं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडलं. शेवटी त्याला तळाशी बसवलं. नव्या कोरलला झगझगीत उजेड सोसत नाही, म्हणून टाकीचा दिवा बंद केला, पडदेही ओढले.

तरी ते पार आक्रसून गेलं. मी आणि माझे सासरे, म्हणजे मामाजी, अंधारात टाकीजवळ तोंडं पाडून बसून राहिलो.

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. आमचे चेहरे पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"काय झालं वं बाई? कवा झालं?"

मी बोलायच्या आत मामाजी म्हणाले, "अजून जीव आहे."

काकू रडतच आत धावल्या. "मग बसून काऊन राहिले जी? दवाखान्यात न्या ना!"

मी टाकीकडे बोट दाखवलं. काकूंनी डोळे पुसून, वाकून पाहिलं.

"ह्या गोबीसाठी रडवलं मले?"

पण त्या घरी काही गेल्या नाहीत. संध्याकाळी कोरलने हळूच टोकं उघडली, तेव्हा पहिली आरोळी त्यांचीच होती. "हालून राहिलं, हालून राहिलं!"

तुमचं नवं कोरल पूर्ण खुलायला किती दिवस लागले? लवकर सांगा. काकू इथेच बसून विचारून राहिल्या आहेत.