निरोप्या आणि अर्धा इंच

सुपरवायझरला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. अकरा वर्षांत त्याची खुर्ची झिजली नव्हती. झिजली होती ती कटिंगच्या टेबलापासून कॉम्प्युटरच्या खोलीपर्यंतची फरशी. अंतर बावीस पावलांचं, पण तेवढ्यात शब्दांचं रूप पालटून जायचं. टेबलापाशी कटिंगमास्तर म्हणायचे, "त्या पोरीला सांगा, आधी कापड हातात धरायला शीक, मग आम्हाला शिकव." खोलीत पोचेपर्यंत त्याचं व्हायचं, "मास्तर म्हणतायत, जरा कापड बघून जा, तुझं मत हवंय." खोलीतली पोरगी म्हणायची, त्यांचा खडू आता कपाटात ठेवून द्या म्हणावं. टेबलापाशी ते यायचं, "ती म्हणते, तुमच्यासारखी खडूची रेघ कोणाला जमायची नाही." शिलाईच्या बायका त्याला माघारी निरोप्या म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

हे कसब घरचंच. तो नऊ वर्षांचा असताना वडील आणि थोरला भाऊ यांच्यात अबोला पडला, तो चार वर्षं टिकला. एकाच खोलीत, हातभर अंतरावर बसून वडील म्हणत, "त्या दिवट्याला विचार, गिळणार आहे का." हा भावाकडे वळून म्हणे, "दादा, बाबा जेवायचे थांबलेत तुझ्यासाठी." मूळ वाक्य भावाच्या कानावर पडलेलं असायचंच. तरी तो उठून पानावर बसायचा. तेव्हापासून याची खात्री पटली की माणसं तुटत नाहीत, फक्त मध्ये कोणीतरी लागतं.

कारखाना गणवेशांचा. मास्तर सहासष्ट वर्षांचे, दोनदा निवृत्त होऊन दोनदा परत बोलावलेले. पोरगी सव्वीसची, रीतसर शिकून आलेली. पडद्यावर सदऱ्याचे भाग आखायची आणि टेबलाएवढ्या लांब कागदावर छापून द्यायची. तो कागद कापडाच्या थरांवर ठेवून मास्तर कापायचे. भांडण होतं मायेचं, म्हणजे शिवणीच्या आत जादा सोडतात त्या कापडाचं. मास्तरांचं म्हणणं, माणूस गणवेश तीन वर्षं वापरतो, तीन वर्षांत पोट आपला मार्ग काढतंच, मग उसवून सैल करायला आत अर्धा इंच नको का? पोरगी म्हणायची, हल्ली कोणी उसवत बसत नाही, नवीन घेतात. सहाशे सदऱ्यांमागे किती कापड वाया जातं ते बघा. दोघांचंही खरं होतं, आणि सुपरवायझरची पंचाईत तीच होती.

सोमवारी एका रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचे सहाशे सदरे कापायला घ्यायचे होते. सकाळी साडेनऊला त्याने पोरीला बाजूला घेतलं आणि गळ घातली, की या वेळेपुरता मास्तरांचा अर्धा इंच तूच कागदात घाल, म्हातारा माणूस आहे, खूश होईल. तिने नाक मुरडलं, पण घातला. वर विचारलं, "काका, त्यांना माहीत आहे ना? नाहीतर ते पुन्हा वाढवतील."

"मी सांगतो त्यांना," तो म्हणाला.

सांगायलाच निघाला होता. पण टेबलापाशी मास्तर आधीच फणफणत होते. आता पोरीने स्वतःहून माया घातली म्हटलं असतं, तर 'मग हात माझे कशाला हवेत' म्हणून त्यांनी कात्री खाली ठेवली असती. त्याने घडी बसवली. म्हणाला, कागद नेहमीचाच आहे, तुम्ही तुमचा अर्धा इंच खडूने वाढवा, मी बघितलं नाही. मास्तरांचा चेहरा खुलला. एरवी ते कागद टेपने मोजत. त्या दिवशी मोजला नाही, कारण सांगणारा भरवशाचा होता.

बुधवारी सकाळी अकराला तपासणीच्या बाईने टेप लावला. चाळीस मापाचा सदरा बेचाळीस भरत होता. दुसरा घेतला, तोही तसाच. सहाशेच्या सहाशे कापून झाले होते, एकशेवीस शिवून झाले होते. सुपरवायझरने सदरा हातात घेतला आणि बगलेखालची शिवण उलटून पाहिली. आत अर्धा इंच होताच, मास्तरांचा. दुसरा अर्धा इंच सदऱ्याच्या अंगात शिरून बसला होता, पुढच्या भागाला दोन्हीकडे आणि मागच्यालाही. त्याला तिथल्या तिथे सगळं कळलं.

मालकांचा फोन साडेअकराला आला. दोघांनीही एकमेकांची तक्रार त्यांच्यापर्यंत आधीच पोचवली होती. त्यांनी आवाज चढवला नाही. "रोजची ही धुसफूस मला पुरे झाली. चार वाजता चूक कोणाची ते एक नाव द्या. तो माणूस उद्यापासून नको."

तिथून त्याचे पाय ठरेनात. बावीस पावलं तिकडे, बावीस इकडे. पाणी प्यायला, पुन्हा प्यायला, पेला कुठे ठेवला ते आठवेना. मास्तरांनी टेप गळ्यातून काढून गुंडाळला आणि म्हणाले, "भाऊ, तिला सांगा, कागद चुकीचा दिलास. चाळीस वर्षांत माझ्या हातचा माल परत आला नाही. मी उद्यापासून येत नाही." खोलीत पोरगी बसूनच म्हणाली, "त्यांना सांगा, माझा राजीनामा टाइप करून तयार आहे. मी एकदा वाढवलं, त्यांनी पुन्हा वाढवलं, आणि नाव माझं जाणार." सवयीने त्याच्या जिभेवर दोन्ही निरोप मऊ व्हायला लागले. पण मऊ करून करणार काय? मास्तरांचं नाव दिलं तर म्हातारपणी त्यांच्या नावाला बट्टा. पोरीचं दिलं तर पहिल्याच नोकरीत ठपका. त्याच्या स्वतःच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. दोन वर्षं. कोणाला काही कळलं नसतं, कारण ते दोघं एकमेकांशी बोलतच नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्याने बायकोला फोन लावला. सगळं सांगितलं, अर्थात थोडं मऊ करून.

"अहो, एक सांगू? घरीही तुमचं हेच. सासूबाईंचं मला, माझं सासूबाईंना."

"मग? वीस वर्षांत भांडण झालं का तुमचं?"

"भांडण होतं की, चांगलं कडाक्याचं. तुम्ही कामावर गेलात की आम्ही समोरासमोर बोलतो आणि मिटवून टाकतो. संध्याकाळी तुम्ही निरोप घेऊन आलात की ऐकून घेतो. तुम्हाला बरं वाटतं म्हणून."

त्याने फोन ठेवला. वीस वर्षं दोघी मिळून त्याला सांभाळत होत्या. हसावं की रडावं कळेना, आणि उभंही राहवेना.

अडीच वाजता त्याने मास्तरांना तपासणीच्या टेबलापाशी बोलावलं, पोरीलाही बोलावलं. दोघं दोन टोकांना उभे राहिले आणि त्याच्याकडेच बघू लागले.

"चूक तुमची नाही, हिचीही नाही," तो म्हणाला. "हिने मला विचारलं होतं, मास्तरांना माहीत आहे ना. मी सांगतो म्हणालो, आणि सांगितलं नाही. मास्तर, तुम्हाला म्हणालो कागद नेहमीचा आहे. तो नव्हता."

मास्तरांनी सदरा ओढून घेऊन बगलेची शिवण उलटून पाहिली. मग पहिल्यांदाच टेबलापलीकडे बघून त्यांनी विचारलं, "तू माया घातली होतीस? माझी?"

"हो. यांनी सांगितलं म्हणून. मला पटलेलं नाही अजून."

"ते दिसतंयच. पण बगलेत गोलाई बरोबर सांभाळलीयस." मग सुपरवायझरकडे वळून ते म्हणाले, "आणि तुम्ही, भाऊ, सांगत होता ना, माझ्यासारखी रेघ कोणाला जमायची नाही असं ही म्हणते? ते तरी खरं होतं का?"

पोरीच्या भुवया वर गेल्या. "मी? कधी?"

दोघं एकदम त्याच्याकडे बघत होते, आणि आज पहिल्यांदा ते एका बाजूला होते.

चारला फोन आला तेव्हा त्याने स्वतःचं नाव दिलं. झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मालकांनी एवढंच विचारलं, माल शुक्रवारी जाईल का. जाईल, हा म्हणाला. शुक्रवारपर्यंत राहा, पुढचं मग बघू, असं म्हणून त्यांनी ठेवून दिलं. पुढचं म्हणजे काय, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

तो परत आला तर दोघं कडाडून भांडत होते. न शिवलेल्यांना शिवण आत घ्यायची, इथवर एकमत होतं. पण शिवलेल्या एकशेवीसांची बाजू, ती म्हणत होती, वरूनच आत घ्यावी, उसवण्यात दिवस जाईल. मास्तर म्हणत होते, बगलेत गाठ येईल, दिवसभर हात उचलणाऱ्या माणसाला ती काचेल. दोघांचे आवाज चढले होते. त्याचे पाय आपोआप त्यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले, तोंडही उघडलं.

"काय?" मास्तर म्हणाले.

"काही नाही."

"मग नुसते उभे राहू नका." त्यांनी टाके काढायची उसवणी त्याच्या हातात दिली आणि एक सदरा पुढे सरकवला. "बगलेपासून खाली चार इंच. कापड फाडू नका." आणि ते पुन्हा तिच्याकडे वळले, "चार पुरे की पाच?"

"तीन," ती म्हणाली.

तो स्टुलावर बसला. टाके बारीक होते. डोक्यावरून तीन, चार, पाच चाललं होतं. कितीवर थांबायचं ते कोणी सांगेना, आणि विचारायला तोंड उघडवेना.