जुळ्या भावाचा ताप

नवागामहून धुडकूआप्पांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी वर्गात शिकवत होते. "ताई, आप्पा गयात..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. त्याला महिना होऊन गेला. आज लिहायला बसले, तर डोळे भरतात आणि मध्येच हसूही फुटतं. आप्पा होतेच तसे.

सुरतेत त्यांनी आयुष्यभर यंत्रमाग दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर आमच्या तंत्रशाळेत मुलांना माग दाखवायला यायचे. माग सुरू करण्याआधी, आणि चालू असतानाही मधून मधून, बेअरिंगवर तळवा टेकवायचे आणि मग तो कपाळाला लावायचे. मी शिकलेली बाई, मनातल्या मनात नाक मुरडायची. तेव्हा मी त्याच मागाचा डिजिटल ट्विन करत होते. म्हणजे मागाला सेन्सर लावायचे आणि शेजारच्या खोलीत, पडद्यावर, त्याचा जुळा भाऊ चालवायचा; इकडे दुखलं की तिकडे कळलं पाहिजे. इच्छापोरच्या एका कारखान्याची माणसं आठवड्याने तो बघायला येणार होती. त्यांना पटला तरच माझ्या मुलांना तिथे शिकाऊ म्हणून घेणार होते.

एकदा माग तासभर चालला होता, पडद्यावर सगळं हिरवंगार. मी खुशीत होते. आप्पा मात्र मागावर हात ठेवून म्हणाले, "ताई, मोठा भाऊले ताप शे, धाकलाले कसा नही?" मी पुस्तकातली आकृती दाखवली, सेन्सर बरोबर जागी आहेत म्हणून वादही घातला. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. "आठे हात ठेव." ठेवला... आणि चटका बसला! इतके दिवस मी ज्याला नमस्कार समजत होते, ती तपासणी होती. "मग कपाळाला कशाला लावता?" मी चिडून विचारलं. "तो नमस्कारच शे!" म्हणाले, आणि पोट धरून हसले.

त्या जागी नवा सेन्सर बसवला. पडद्यावर मुलांनी त्याला नाव दिलं, 'आप्पा'. पाहुण्यांसमोर बेअरिंग तापलं ते सगळ्यात आधी 'आप्पा'नेच सांगितलं. मुलांना घेतलं! गंमत म्हणजे, सकाळी गार मागावर आप्पांनी तळवा ठेवला की त्याचीच ऊब सेन्सरला लागायची, आणि माग सुरू होण्याआधीच पडद्यावरचा आकडा चढायचा. आप्पा आले म्हणून शेजारच्या खोलीतून मुलं गुजरातीत ओरडायची, "आप्पा आवी गया!"

ते गेल्यापासून सकाळी तो आकडा हलत नव्हता. मला ते बघवेना. परवा मी लवकर गेले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मागावर तळवा टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि मग कपाळाला लावला.

शेजारच्या खोलीतून आरोळी आली, "आप्पा आवी गया!"