अब्बांचा चाळीसावा, तिनोस बेटावर

आर्णीच्या मोटारस्टँडवर मला पोचवायला अब्बा आले नव्हते. कापसाचा हंगाम होता, सरकी काढायच्या जिनाचं इंजिन सोडून त्यांना निघता येत नव्हतं. म्हणून सकाळी मीच जिनात जाऊन त्यांना भेटलो. हात ग्रीसनं भरलेले होते, त्यामुळे त्यांनी मला जवळ घेतलं नाही, नुसतं कोपर माझ्या खांद्याला टेकवलं.

"दर्याचं पानी पेता येत नाही म्हनते," ते म्हणाले. "मंग तुमी लोकं जहाजावर पेता काय?"

मी हसलो. टाक्यांत गोडं पाणी भरून नेतात, असं सांगितलं. त्यांना ते पटलं की नाही, कोण जाणे. ते पुन्हा इंजिनाकडे वळले. तेवढंच आमचं शेवटचं बोलणं.

मजीदभाई, त्या दिवशी थोरल्या भावाच्या नात्यानं माझी ट्रंक मोटारीच्या टपावर चढवून देणारे तुम्ही होता. हे लिहितोय ते तुमच्यासाठी, आणि आपल्या भागातून माझ्यासारखेच जे मुंबईला, कुवेतला, कुठं कुठं निघून गेले त्यांच्यासाठीही. अम्मीला मी हे तोंडानं सांगितलंय. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मुंबईत मामू गोदीत होते. त्यांच्या ओळखीनं मला एका मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम मिळालं. मालक ग्रीक, कामगार सतरा देशांचे. जिनातल्या इंजिनाची सवय होती, तरी पहिले काही महिने मी रोज ओकायचो. आपल्याकडच्या उन्हाळ्याची बढाई मारणारा मी, त्या तळघरातल्या उष्म्यानं रडकुंडीला आलो होतो. माझ्या शेजारी यानिस नावाचा एक ग्रीक काम करायचा. माझ्याएवढाच. त्याचं इंग्रजी तोडकं, माझं त्याहून तोडकं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

जहाज दुरुस्तीसाठी ग्रीसच्या सिरोस बेटावर लागलं होतं, तेव्हा तुमची तार आली. मुंबईला मामूंकडे, तिथून कंपनीच्या ऑफिसात, तिथून आणखी कुठं, अशी फिरत फिरत आली. अब्बांची माती होऊन कित्येक दिवस झाले होते. बड्या इंजिनियरनं सांगितलं, जायचं तर जा, पण मग या जहाजावर परत येऊ नकोस. मी थांबलो. गेलो असतो तरी कबरीवरच पोचलो असतो, असं स्वतःला समजावत राहिलो. जेवण जाईना. कामात हात चालायचे आणि डोकं आर्णीत असायचं. कोणी खांदा दिला, पाऊस होता का, अम्मी कोणापाशी बसली असेल.

गोदीतून समोर दुसरं एक बेट दिसायचं. यानिसनं पहिल्याच दिवशी बोट दाखवून सांगितलं होतं, ते तिनोस, माझं गाव तिथं. पण इतकं जवळ असून तो घरी जात नव्हता. सुट्टीच्या दिवशीही गोदीतच बसून राहायचा. घरी भांडण असेल, असं मला वाटलं.

येत्या रविवारी माझ्या बापाचा चाळीसावा आहे, असं मी त्याला एकदा बोललो.  आमच्यातही चाळीसावा असतो, तो म्हणाला. मग खाली बघत त्यानं विचारलं, रविवारी माझ्या आईकडे येतोस का?

बोट लहान होती. डेकवर पावाची पोती, पाय बांधलेल्या बकऱ्या आणि काळे कपडे घातलेल्या बाया. वारा एवढा की बोलायला तोंड कानाशी न्यावं लागे. दोन्ही बेटं उघडी, दगडाची, झाड म्हणून नाही. उन्हाळ्यात आपल्याकडची टेकाडं दिसतात तशी, फक्त भोवती पाणी. त्या बोटीवर यानिसनं मला सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ निकोस आदल्या हिवाळ्यात मासे धरायला गेला होता. होडी सापडली, तो सापडला नाही. आई म्हणायची, कोणत्यातरी जहाजानं उचलला असेल. तिनं त्याचा चाळीसावा होऊ दिला नव्हता. यानिस घरी गेला की दारातच विचारायची, कुठल्या बंदरात दिसला का तो तुला? म्हणून यानिस जाईनासा झाला होता.

तिनं दारात तेच विचारलं. मला भाषा येत नव्हती, पण निकोस हे नाव कळलं, आणि यानिसची हललेली मानही. मग त्यानं तिला माझ्याबद्दल सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. बापाचं नाव काय, असं तिनं त्याच्याकरवी विचारलं. करीम, मी म्हणालो. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं.

तिनं गहू शिजवले. आपल्या घुगऱ्यांसारखे, वर साखर आणि डाळिंबाचे दाणे. ते त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी करतात. मी मुसलमान, म्हणून पाद्र्याला तिनं काही विचारलंच नाही, घरातच दिवा लावला. मी फातिहा पढलो, ती हात जोडून उभी राहिली. मग तिनं डोळे मिटून तिच्या भाषेत काही म्हटलं, त्यात करीम हे नाव आलं. ती थांबली. बराच वेळ थांबली. आणि मग म्हणाली, निकोस.

यानिस भिंतीला टेकून खाली बसला. ती रडली नाही. गहू आधी मला दिले, मग त्याला. त्याच्या डोक्यावर हात ठेवून ती काही बोलली, ते त्यानं मला परतीच्या बोटीवर सांगितलं. ती म्हणाली होती, "आता येत जा. मी काही विचारणार नाही."

परतताना मी कठड्याशी उभा राहून रडलो. तार आल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतर दोन वर्षांनी मी आर्णीला आलो, तुम्हाला आठवत असेल. जिनाच्या इंजिनावर आता तुम्ही होता. माझ्या खाटेवर तुमची पोरं झोपत होती, आणि भाभींनी मला नवी चादर काढून दिली, पाहुण्याला देतात तशी. राग नाही. तुम्ही सगळे राहत होता त्या घरात, मी नव्हतो.

दुपारी अम्मी तूर पाखडत होती, तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. सूप थांबलं.

"त्या पोराचं नाव काय म्हनलं?"

निकोस, मी सांगितलं. तिला ते नीट म्हणता येईना. "नीकूस," ती म्हणाली. त्या दिवसापासून अब्बांसाठी दुवा मागताना ती त्याचंही नाव घ्यायची. तुम्ही एकदा विचारलंत, हा नीकूस कोण, तेव्हा ती दुवा मागतच राहिली.

निघायच्या दिवशी तिनं मला थांब म्हटलं नाही. काहून जातो, असंही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "त्या बाईले सांगजो, तुह्या पोराचं नाव इकडं बी घेते म्हनून."

यानिस त्या जहाजावरून कधीच उतरून गेला. माझं जहाजही आता दुसरं आहे. नव्या जागी लोक विचारतात, घर कुठं? मी आर्णी म्हणतो, सवयीनं. पण ते म्हणताना आर्णीच्या मागोमाग मला तिनोसचं ते दार दिसतं, जिथं मी एकदाच गेलो होतो. अम्मीचा निरोप अजून माझ्यापाशीच आहे. मधून मधून आम्ही त्या बेटांच्या बाजूनं जातो. कामाची पाळी नसली की मी वर येऊन बघतो. तिनोस दिसतं, मग मागं पडतं. आमचं जहाज तिथं थांबत नाही.