तिसरं रीडिंग

सायली मुळशीतल्या माले गावची. केमिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करते. सगळे पेपर सुटले, सेमिनार झाला, उरला फक्त प्रबंध. भाताच्या तुसाची राख करायची आणि त्या राखेने रंगाचं सांडपाणी साफ करून दाखवायचं, हा विषय. एकाच पोत्यातल्या तुसावर तीनदा प्रयोग करायचा, ही अट. पहिल्यांदा एक्क्याऐंशी टक्के रंग निघाला, दुसऱ्यांदा अडुसष्ट. खरं काय ते तिसरं रीडिंग ठरवणार होतं. प्रबंध द्यायला वीस दिवस उरले होते.

प्रयोगशाळेत जागा नाही, म्हणून उरलेलं अर्धं पोतं तिने घरी पडवीत ठेवलं होतं. वर मार्करने लिहिलं होतं, ‘हात लावू नये.’

शनिवारी ती तूस न्यायला आली, तर पडवी रिकामी. मागच्या खाचरात वडील, हैबतराव, राब भाजत होते. भाताचं रोप टाकायच्या आधी शेण, पालापाचोळा, तूस पसरून जमीन भाजतात, तो राब. अजून धूर निघत होता.

“आबा, माझं पोतं?”

“हाय की. घडी घालून ठेवलंय.”

“आणि आतलं तूस?”

“राबाला घातलं. लई कोरडं व्हतं, झ्याक पेटलं.”

“हात लावू नये लिहिलं होतं ना वर!”

“पोत्यावर लिवलं व्हतं. पोत्याला काय झालंय?”

आई, रत्नाबाई, दारातून ओरडली, “मी म्हनत व्हते, पोरीला इचारा!”

“इचारायचं काय? ही तरी काय करणार व्हती? जाळणारच व्हती ना?”

“सहाशे डिग्रीला, आबा! वजन करून, चार तास!”

“मंग हितं बी सकाळधरनं जळतंय.”

पण तिचा चेहरा बघून ते गाडीवरून गिरणीत गेले आणि तुसाची दोन भरलेली पोती घेऊन आले. पण भाताची जात वेगळी, म्हणून तूसही वेगळं. म्हणजे तिन्ही रीडिंगं पहिल्यापासून.

वर्गातला निषाद फोनवर म्हणाला, “पंचाहत्तर टाक ना. मधला आकडा. कोण बघतंय?”

तिने वही उघडली. सात लिहिला. पाच लिहायला हात उठेना. पंचाहत्तर खरंही असेल, पण तिला ते माहीत नव्हतं. तिने सात खोडला.

सोमवारी मार्गदर्शक कल्पना मॅडम म्हणाल्या, “मुदतवाढीचा अर्ज द्या. एक सत्र जाईल.”

कारणाच्या रकान्यात सायलीने लिहिलं, ‘नमुना वडिलांनी राबात जाळला.’

खिडकीतल्या कारकुनाने ते दोनदा वाचलं. “असं कारण चालत नाही. आजारपण किंवा यंत्रबिघाड, दोनच आहेत.”

“पण यातलं काहीच झालं नाही.”

“मग अर्ज घेता येत नाही. लवकर सांगा, मागे रांग आहे.”

तिने यंत्रबिघाडावर खूण केली.

“कोणतं यंत्र, तेही लिहा.”

दोन वर्षांत एकदाही न बिघडलेल्या, प्रयोगशाळेतल्या भट्टीचं नाव तिने लिहिलं आणि खाली सही केली.