शेजारच्या घरी ठेवलेलं प्रस्थान

आमच्या घरात मोठ्या बातम्या जेवणाच्या टेबलावर फुटतात, आणि त्याही पानं वाढून झाल्यावर. गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागला त्या दुपारी आमरस-पुरीचा बेत होता. लेकीला मार्क छान पडले होते. शेजारीपाजारी पेढे वाटून झाले होते. रसाची पहिली वाटी संपवून तिनं जाहीर केलं, की ती यंदा कॉलेजात जाणार नाही. वर्षभर तयारी करणार आणि पुढच्या उन्हाळ्यात ईशान्येकडच्या डोंगरांत, एका सेवाभावी संस्थेच्या निवासी शाळेत, मुलांना शिकवायला जाणार. वर्षभरासाठी.

मी कॉलेजपासून हौशी नाटकांत कामं करत आले आहे. अशा प्रसंगी काय करायचं ते मला कळतं. चमचा आवाज न करता खाली ठेवायचा आणि पुढचं वाक्य दुसऱ्याला घेऊ द्यायचं. ते घेतलं अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पण धरणं अजून त्यांना विचारून पाणी सोडतात असा चेहरा. रसावर तुपाची धार सोडत ते म्हणाले, "मोहिमेवर निघालेल्या सरदारांना आणखी दोन पुऱ्या वाढा."

"आजोबा, तुम्ही हो म्हणा ना."

"पुरी गार होतेय."

आमच्या घरच्या नाटकात माझ्या नवऱ्याला संवाद कमी आहेत. तो म्हणाला, "रस चांगला झालाय."

संध्याकाळी भांडी पुसता पुसता लेक मला म्हणाली, "आई, आजोबा हो म्हणाले तरच मी जाणार."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही. आणि हो तोंडानं म्हणायला हवं. नुसती मान हलवलेली चालणार नाही."

मला वाटलं, ही पोरगी नाटकात माझ्याही पुढे जाणार. पण ती अगदी गंभीर होती. सासूबाई गेल्या तेव्हापासून दुपारचा चहा ही दोघं एकत्र घेत. ती शाळेतून येऊन आधी गॅसवर आधण ठेवायची, मग दप्तर खाली ठेवायची. अण्णा बशीत ओतून प्यायचे आणि तिच्या चहाला रोज नावं ठेवायचे. साखर जास्त. आलं कमी. हा चहा आहे की ओढ्याचं पाणी? एवढं बोलून बशी पुन्हा पुढे करायचे. त्यांच्या होकाराशिवाय ती गेली असती, तर रोज दुपारी त्या वेळेला तिचं मन मागे वळलं असतं. तिला ते नको होतं.

पण अण्णा ना हो म्हणत, ना नाही. ते नवीन परीक्षा काढत.

"डोंगरात जाणार, आणि साधी स्कूटर येत नाही?" लेकीला अठरा वर्षं पूर्ण झाली आणि ती स्कूटर शिकली. लायसन्सच्या चाचणीत इंग्रजी आठ काढताना पहिल्यांदा पाय टेकला, दुसऱ्यांदा नाही. अण्णांनी लायसन्स उलटसुलट करून पाहिलं. "फोटोत कान दिसत नाहीत."

पुढची परीक्षा स्वयंपाकाची. तिनं चौघांचा स्वयंपाक एकटीनं केला. "आमटी बरी आहे. पण तिकडे तूरडाळ मिळते का, ते विचारलंस?"

मग संस्थेचं शिबिर झालं, खडकवासल्याच्या बाजूला. तंबू, पहाटेचा व्यायाम, चुलीवरचा भात. ती काळीठिक्कर होऊन परत आली. अण्णांनी फक्त एवढंच विचारलं, "धरणात पाणी किती होतं?" तिनं बघितलंच नव्हतं. "बघा," अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "ही मोहिमेवर जाणार. हिला पाणी दिसत नाही."

मी या नाटकाची स्वघोषित दिग्दर्शक होते. पाठीमागून खुणा करायचे, ठरलेल्या जागी खोकायचे, मधूनच अण्णांच्या आवडीची साबुदाण्याची खिचडी आत सोडायचे. एकदा तर डोळ्यांत पाणी आणून दाखवलं. अण्णा म्हणाले, "सूनबाई, हे तुम्ही गेल्या वर्षी स्पर्धेत केलं होतं. तेव्हा जास्त चांगलं झालं होतं."

दिवाळीनंतर संस्थेनं सांगितलं, की जायच्या आधी काही महिने इथेच शिकवण्याचा अनुभव हवा. लेकीनं पुण्याच्या कडेला, मांजरी गावात एक वर्ग शोधला. उसाच्या शेतांना लागून नवे टॉवर उभे राहतायत, तिथल्या बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी पत्र्याच्या शेडमध्ये भरणारा. ती सदाशिव पेठेतून रोज स्कूटरनं जायची आणि सिमेंटच्या धुळीत पांढरी होऊन यायची. दुपारच्या चहाची वेळ चुकायला लागली. अण्णा चहासाठी थांबून राहायचे आणि ती आली की म्हणायचे, "मी तर आत्ताच उठलो."

एक दिवस त्यांनी टोपी घातली. "बघू तुझी शाळा," असं म्हणून तिच्या मागे स्कूटरवर बसले. मला वाटलं, आता शेवटचा नकार घेऊनच येतात. संध्याकाळी दोघं परत आली. अण्णांच्या टोपीवर धूळ, गुडघ्यावर खडूचा ठसा. काय झालं ते लेकीनं नंतर सांगितलं. अण्णा मागच्या भिंतीला टेकून दोन तास बसले होते. एक चिमुरडी त्यांच्या मांडीला टेकून झोपून गेली, म्हणून त्यांनी पाय हलवला नाही, आणि मग पाय असा झोपला की उठताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. घरी आल्यावर अण्णा लेकीला एवढंच म्हणाले, "आवाज वाढव. मागच्यांना ऐकू येत नाही."

त्या दिवशी मी खिचडी केली नव्हती, तरी लेक जिंकल्यासारखं मला वाटलं. पण हो काही आलं नाही.

एप्रिलमध्ये संस्थेनं तिकीट पाठवलं. सोमवार, दुपारची गाडी. लेकीनं ते अण्णांसमोर धरलं. अण्णांनी चष्मा चढवला, भिंतीवरचं पंचांग काढलं, पानं उलटली आणि एका चौकोनावर बोट ठेवलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"सोमवार. पूर्वेला दिशाशूल. सोमवारी पूर्वेला प्रवासाला निघत नाहीत. वर अमावस्या."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी ठरवून लावली असती तरी इतकी नेमकी झाली नसती. लेकीनं तिकिटाची घडी घातली. तिचा चेहरा मी तिच्या लहानपणी पाहिला होता तसा झाला, बर्फाचा गोळा रस्त्यावर पडला तेव्हाचा. ती शांतपणे म्हणाली, "ठीक आहे आजोबा. त्यांना कळवते, मी येत नाही."

मी गॅस बंद करायला वळले.

अण्णांनी पंचांग मिटलं. "येत नाही कशाला? आमच्या वेळी काय लोक अमावस्येला कधी निघालेच नाहीत? प्रस्थान ठेवायचे."

आता प्रस्थान म्हणजे काय, हे माझ्या पिढीलाही नीट ठाऊक नव्हतं. निघायचा दिवस वाईट असेल, तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाचं सामान घरातून काढून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. सोबत तांदूळ, सुपारी आणि हळकुंड एका फडक्यात बांधून. झालं, प्रवास त्याच दिवशी सुरू झाला. मग माणसानं आपल्या सोयीनं त्या घरून सामान उचलायचं आणि निघायचं. आपल्या घरात माघारी पाय टाकायचा नाही. इतकी सोयीस्कर फसवणूक आपल्याच लोकांनी शोधून काढावी, याचा मला अभिमान वाटला.

"गुरुवारी सकाळी ठेवू," अण्णा म्हणाले. "पूर्वेच्या घरी."

आणि मग आम्ही सगळे एकदम दाराकडे बघायला लागलो. आमच्या मजल्यावर दोनच घरं. पूर्वेचं घर म्हणजे समोरच्या काकूंचं.

काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा चपलांचा रॅक मधल्या जागेत आमच्या बाजूला वीतभर सरकलेला होता. अण्णांनी एकदा मोजपट्टी आणून तो मोजला आणि सोसायटीच्या बैठकीत विषय काढला. तेव्हापासून दोघांचा अबोला. जिन्यात समोरासमोर आले की दोघांनाही एकदम फोन यायचा. पुण्यात अबोला सुद्धा वेळेवर पाळतात.

गुरुवारी सकाळी अण्णा अंघोळ करून, टोपी घालून तयार झाले. लेकीची सॅक त्यांनी स्वतः खांद्यावर घेतली. नवरा मदतीला पुढे झाला, त्याला डोळ्यांनी मागे सारलं. हातात फडक्यातली पुरचुंडी. मी आणि लेक आमच्या अर्धवट उघड्या दारामागे उभ्या. पहिल्या रांगेचं तिकीट मिळालं तरी मी इतकं टक लावून पाहिलं नसतं.

बेल वाजली. काकूंनी दार उघडलं. आधी सॅककडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"रॅक पुन्हा मोजायचाय?"

"नाही. प्रस्थान ठेवायचंय. नातीचं."

"आपल्या घरी जागा नाही?"

"आपल्याच घरी ठेवलं तर त्याला सामान म्हणतात, बाई."

काकूंनी हाताची घडी घातली. "ते मला माहीत आहे. पण दुसऱ्याच्या घरचं भांडण मी माझ्या घरात ठेवून घेणार नाही. वर्षभर भिंतीपलीकडून ऐकतेय. पोरगी विचारतेय, आणि आपण पुरीवर बोलताय, तूरडाळीवर बोलताय, धरणाच्या पाण्यावर बोलताय. तिला हो म्हणालात का आपण?"

"अहो, मग ही सॅक काय मी फिरायला घेऊन आलोय?"

"मी काय विचारलं? एका शब्दात उत्तर द्या."

अण्णांच्या खांद्यावरून सॅकचा पट्टा घसरत होता. अण्णा इतक्या हळू बोलले, की मला फक्त त्यांची मान हललेली दिसली.

"मोठ्यानं," काकू म्हणाल्या. "मागच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे."

"हो!" अण्णा ओरडले. जिन्यात घुमलं. "हो म्हणतोय! जाऊ दे तिला! चांगलं शिकवते ती!"

मग आम्ही आमच्या जागेवर राहणं शक्यच नव्हतं. लेक दार लोटून धावली आणि अण्णांना मागून मिठी मारली, सॅकसकट. ते म्हणाले, "अगं, पडेन." पण हललेही नाहीत. काकूंनी पुरचुंडी हातातून घेतली आणि आत नेऊन देवाजवळ ठेवली. जाता जाता म्हणाल्या, "आत या. चपला रॅकमध्ये ठेवा."

सोमवारी आम्ही सगळे काकूंकडेच जेवलो. लेकीनं तिथंच डोंगरातले बूट चढवले आणि जुन्या चपला त्यांच्या रॅकमध्ये सारल्या. निघताना आठवलं, फोनचा चार्जर आमच्या घरी राहिला. ती उठली, तसे अण्णा कडाडले, "माघारी नाही!" आणि स्वतः आमच्या घरात पळाले. चार्जर घेऊन आले, सोबत आपला लोकरी मफलर. पुण्यात ऊन भाजत होतं. "तिकडे गार असतं," ते म्हणाले, आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात तो इतका वेळ कोंबत बसले, की रिक्षावाल्यानं खालून दोनदा हॉर्न दिला.

ते स्टेशनवर आले नाहीत. आमच्या खिडक्यांतून मागच्या इमारतीच्या टाक्या दिसतात. रस्ता दिसतो तो काकूंच्या गॅलरीतून. रिक्षा वळेपर्यंत मी मागे पाहत होते. गॅलरीत अण्णा कठड्याला धरून उभे होते, आणि काकू त्यांच्या मागे, हातात कपबशी घेऊन.

गाडी सुटताना लेक रडली नाही. मी रडले, आणि या वेळी ते चांगलं झालं, असं नवरा म्हणाला.

घरी परतल्यावर मी काकूंच्या रॅकमधून तिच्या चपला काढायला वाकले. धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवाव्यात म्हटलं. काकूंच्या उघड्या दारातून अण्णांचा आवाज आला.

"असू देत तिथेच."

"अण्णा, काकूंचा रॅक आहे तो. जागा अडेल."

"कशी अडेल? वीतभर आपल्या बाजूलाच आहे."

आतून काकू म्हणाल्या, "बशीत ओतून देऊ का?"

"द्या," अण्णा म्हणाले. "पण आलं कमी आहे."