एसीच्या पाण्यावरचं इंजिन

मी वाफेची छोटी इंजिनं बनवतो असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "पण ओमानमध्ये रेल्वे कुठे आहे?" प्रश्न बरोबर आहे. इथे आल्यापासून मी एकदाही रेल्वेचं तिकीट काढलेलं नाही, कारण बसायला गाडीच नाही. माझ्या इंजिनाला मात्र त्याची अडचण नव्हती. त्याच्या दोन रुळांमधलं अंतर पंचेचाळीस मिलिमीटर, वजन दोन किलो आठशे ग्रॅम, आणि त्याचा सगळा मुलूख म्हणजे मस्कतच्या दार्सैत भागातल्या आमच्या इमारतीची गच्ची.

हे इंजिन खेळण्यातलं नव्हे. त्याचा बॉयलर तांब्याच्या नळीचा आहे, चांदीचा डाग देऊन जोडलेला. पिस्टन, व्हॉल्व्ह, चाकं सगळं मी घरच्या लहान लेथवर कातलं. खाली गॅसची शेगडी, आत पाणी, पाण्याची वाफ, वाफेवर गाडी. मोठ्या इंजिनात जे होतं तेच, फक्त मांडीवर मावेल एवढं. नोकरीत मी पंपांचा इंजिनियर आहे. तिथल्या पंपांना कोणी हात लावून बघत नाही, म्हणून बहुधा घरी हे.

अशा इंजिनात सगळ्यात जास्त नखरे पाण्याचे असतात. पाण्यात क्षार असले की बॉयलरच्या आत थर बसतो, चहाच्या किटलीत पांढरा बसतो तसा. किटली घासता येते, बॉयलरमध्ये हात जात नाही. आमच्या नळाचं पाणी क्षार मोजायच्या माझ्या मीटरवर एकशे ऐंशी दाखवायचं, बाटलीतलं एकशे दहा. एसीच्या नळीतून बाल्कनीत टपकणारं पाणी फक्त नऊ. इथे घरोघरी त्या नळीखाली बादली असते आणि त्या पाण्याने लोक फरशी पुसतात. मी ते गाळून पाच लिटरच्या तेलाच्या धुतलेल्या कॅनमध्ये भरतो आणि वर चिठ्ठी लावतो : 'एसीचं पाणी'. उन्हाळ्यात पाणी मुबलक, पण गच्चीवर पाय ठेववत नाही. हिवाळ्यात गच्ची सुखाची, पण एसी बंद. म्हणून सप्टेंबरचं पाणी जानेवारीसाठी ठेवायचं. लोक लोणचं घालतात, मी पाणी घालतो.

त्या जानेवारीत आम्हाला घर बदलायचं होतं. मालकाला इमारत दुरुस्तीला काढायची होती. नवं घर दोनच गल्ल्या पलीकडे, पण तिथे स्वयंपाकघरामागची ती अरुंद खोली नव्हती, जिच्यात माझा एकेचाळीस किलोचा लेथ इतकी वर्षं उभा होता.

"लेथ कुठे ठेवणार?" बायकोने विचारलं.

"बेडरूममध्ये. खिडकीखाली एकशे दहा सेंटिमीटर जागा आहे. मी मोजलीय."

"तिथे माझ्या साड्यांचं कपाट येणार आहे. तेही मी मोजलंय."

सूर या किनाऱ्यावरच्या गावात एक ओमानी गृहस्थ धाऊंचे, म्हणजे तिथल्या जुन्या लाकडी गलबतांचे, लहान नमुने बनवतात. माझी त्यांची ओळख फोनवरची. त्यांना लेथ हवा होता. बायकोला हे माहीत होतं, कारण मीच एकदा उत्साहाने सांगितलं होतं. आपल्या मोठेपणाच्या गोष्टी घरात जपून सांगाव्यात.

"पाच वर्षं झाली," ती म्हणाली. "इंजिन ठोकळ्यावर ठेवून चाकं फिरवता, आणि मी टाळ्या वाजवायच्या. गाडी कधी ओढलीय का त्याने काही?"

"ओढेल की."

"मग ओढून दाखवा. तीन फेऱ्या, मध्ये न थांबता. सामान मी ठरवणार. ओढलं तर लेथ खिडकीखाली. नाही तर सूरला."

सामान म्हणून तिने तिचा लोखंडी खलबत्ता दिला. काट्यावर ठेवला तर तीन किलो दोनशे, म्हणजे इंजिनापेक्षा जड. दहावीतल्या आमच्या मुलीने तेवढ्यात पक्ष बदलला. "बाबा, आय थिंक... म्हणजे मला वाटतं, आई जिंकणार."

सूरच्या गृहस्थांना मी शुक्रवारी दुपारी चहाला बोलावलं. शनिवारी सकाळी सामानाचा ट्रक येणार होता. तेव्हा जे काय व्हायचं ते शुक्रवारी.

सकाळी मी गच्चीवर रूळ मांडले. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार असतो. तो मापून रुळांखाली लाकडाच्या पाचरी दिल्या. एक फेरी बरोबर एकोणीस मीटरची. समोरच्या दारातले भाई पंच म्हणून आले. ते मूळचे रत्नागिरीचे, मत्रहच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. खलबत्ता इंजिनामागच्या डब्यावर दोरीने बांधलेला बघून ते म्हणाले, "वहिनींनी बरोब्बर बांधलानी. घरातला सगळ्यात जड माणूस बसवलात तुम्ही गाडीत."

कॅनमधलं पाणी बॉयलरमध्ये भरलं, शेगडी पेटवली. वाफेच्या दाबाचा काटा चढत तीन बारवर आला, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसला. मी पिस्टनकडे वाफ सोडणारा रेग्युलेटर हळूच उघडला.

इंजिन खोकलं. एकदा, दोनदा, आणि चिमणीतून पांढरा फेस वर आला. वाफ नव्हे, फेस. तो चिमणीच्या काठावर फुगला, ओघळला आणि घासून लख्ख केलेल्या बॉयलरवरून पसरत गेला. इंजिन हातभर सरकून थांबलं.

मुलगी ओरडली, "बाबा, तो दाढी करतोय!"

"काय वो साहेब," भाई म्हणाले, "इंजिन चालवताव की धुताव?"

मी शांत होतो. मला कारण माहीत होतं, किंवा माहीत आहे असं मला वाटत होतं. बॉयलरमध्ये पाणी जास्त झालं की ते वाफेबरोबर उडतं. मी वीस मिलिलिटर काढून टाकलं आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. पुन्हा पेटवलं. पुन्हा तीन बार. या वेळी फेस इतका आला की एक मोठा बुडबुडा चिमणीवरून सुटून पाण्याच्या टाकीपर्यंत उडत गेला. मुलीने त्याचा फोटो काढला. मी आणखी वीस मिलिलिटर काढलं.

"यल्ला साहेब, असांच करत राहिलात तर आत काय उरेल?" भाई म्हणाले.

तेव्हा बायको जवळ आली. तिने बॉयलरवरचा फेस बोटावर घेतला, वास घेतला आणि बोट पदराला पुसलं. ती गप्प राहिली असती तर लेथ त्या दुपारीच सूरच्या रस्त्याला लागला असता. कारण मला ते जन्मात कळलं नसतं. मी पुढचे वीस मिलिलिटर काढण्याच्या तयारीत होतो.

"अहो," ती म्हणाली, "तो कॅन कुठला घेतलात?"

"चिठ्ठीवाला."

"दोन्ही चिठ्ठीवालेच आहेत. एकातलं पाणी मी काल साड्या खंगाळायला घेतलं. रेशमाला मऊ पाणी लागतं ना. आणि दुसऱ्यात..." तिने बोट पुन्हा पदराला पुसलं. "दुसऱ्यात रिठे उकळून गाळून ठेवलेत. दोन साड्या राहिल्यात अजून."

"माझ्या कॅनमध्ये? 'एसीचं पाणी' लिहिलेल्या कॅनमध्ये?"

"मग एसीचंच आहे ते! नुसते रिठे घातलेत."

भाई खाली बसले आणि डोळे पुसेपर्यंत हसले. मी तक्रार तरी काय करणार? चिठ्ठीतलं एक अक्षरही खोटं नव्हतं. रिठ्याच्या पाण्याचा पिवळेपणा तेलाच्या जुन्या पिवळट कॅनमध्ये दिसला नव्हता. आणि मीटर, जो मी एरवी पाहुण्यांच्या सरबतातही बुडवून बघतो, त्या सकाळी पॅक केलेल्या खोक्यात होता.

"मग बाटलीतलं पाणी घाला," बायको म्हणाली. "एका दिवसाने काय होणार आहे?"

"एकशे दहा आहे ते."

"पेट्रोल पंपावर बॅटरीचा पाणी मिलतो," भाई म्हणाले.

"मोजलंय. चाळीस."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. माझ्याबद्दल त्यांचं नेहमीच एकमत असतं. भाई जुम्म्याच्या नमाजाला निघून गेले. मी बाटलीच्या पाण्याने बॉयलर फेस यायचा थांबेपर्यंत विसळला. विसळायला एकशे दहा चालतं. चालवायला चालत नाही.

आता नऊचं पाणी हवं होतं आणि ते देणारी एकच वस्तू घरात होती. मी मुलीच्या खोलीतला एसी सोळावर लावला. नळीखाली पातेलं ठेवलं. बाहेर जानेवारीचा गारवा, हवा कोरडी. नळीतून एक थेंब आला आणि जरा वेळाने दुसरा.

"हवा दमट नाही," मी म्हणालो. "दमट करायला हवी."

म्हणून आम्ही खोलीत किटली उकळत ठेवली, झाकण उघडं टाकून. शेजारी भाताचा इलेक्ट्रिक कुकर, तोही उघडा. दार बंद. खोली आधी धुक्याने भरली आणि मग गारठली. बायकोने बांधलेलं खोकं फोडून शाली काढल्या. आम्ही तिघं पलंगावर शाली पांघरून बसलो आणि बाहेर पातेल्यात टप टप पडायला लागलं, ते ऐकत राहिलो.

"बाबा," मुलगी म्हणाली, "म्हणजे आपण पाण्याची वाफ करतोय, मग वाफेचं पाणी, आणि मग त्या पाण्याची परत वाफ?"

"हो."

"ओके. जस्ट चेकिंग."

पातेल्यात पुरेसं पाणी जमत आलं तेव्हा बायको किटलीकडे बघत होती. "अहो, इडलीच्या भांड्याच्या झाकणाला आतून पाणी धरतं, ते याच जातीचं का हो?"

मी जरा विचार केला. "याच जातीचं."

"म्हणजे किटलीवर नुसती थाळी धरली असती, तरी..."

"तरी चाललं असतं."

तिने नाक पुसलं आणि शाल आणखी घट्ट केली. मुलगी मात्र उशीत तोंड खुपसून हसत होती. खोक्यातून मीटर शोधून काढून बुडवला, सात आला. मला इतका आनंद झाला की मी तो आकडा दोघींना दाखवला. सात! सप्टेंबरपेक्षा चांगला.

नमाजाहून भाई परत आले तेव्हा आम्ही पुन्हा गच्चीवर होतो. गॅस भरला. गॅसच्या डब्यातून शेवटी नुसती फुंकर आली, पण हिशोबाने तो पुरणार होता. तीन बार. रेग्युलेटर.

या वेळी इंजिन खोकलं नाही. त्याने एक स्वच्छ श्वास सोडला, मग दुसरा, आणि खलबत्ता हलला. पाच वर्षांत मी या क्षणाची जी जी कल्पना केली होती तिच्यात खलबत्ता कधीच नव्हता. आता तो माझ्यासमोरून जात होता, थोडा डुलत, एखाद्या वजनदार प्रवाशासारखा. वळणावर चाकांनी कुरकुर केली. पहिली फेरी झाली. भाईंनी मोठ्याने "एक!" म्हटलं. दुसरीला मुलगी गाडीबरोबर पळत होती. "दोन!" मी इंजिनाकडे बघत नव्हतो, शेगडीचा आवाज ऐकत होतो.

तिसऱ्या फेरीच्या दुसऱ्या वळणावर तो आवाज बंद झाला. काटा उतरायला लागला. इंजिन आणखी थोडं चाललं, हळू, मग फार हळू, आणि पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहिलं. सकाळच्या दोन वेळच्या पेटवण्याचा गॅस मी हिशोबात धरला होता. डबा शेवटी नुसती फुंकर देईल हे धरलं नव्हतं.

"खलास," भाई म्हणाले. "झाल्या तीन. पंचाने सांगितलांन."

मी टेप काढली. "सात मीटर कमी आहेत."

"कोण मोजतो हय साहेब?"

"मी. अट तीन फेऱ्यांची होती, मध्ये न थांबता."

हे म्हणताना मला काही धीरोदात्त वगैरे वाटत नव्हतं. पण सात मीटर म्हणजे सात मीटर. मी फोन काढला. सूरचे गृहस्थ कुठवर आले ते विचारायचं होतं.

"थांबा," बायको म्हणाली. "सकाळचा गॅस कशात गेला?"

"फेसात."

"फेस कोणाचा?"

खरं उत्तर देणं मला सोयीचं होतं आणि म्हणूनच ते माझ्या तोंडून निघेना.

तिने पदर कमरेला खोचला, त्याचं टोक हाताला गुंडाळलं, कारण इंजिन अजून तापलेलं होतं, आणि उकिडवी बसून ते मागून ढकलायला लागली. बेडकासारखी एकेक पाऊल सरकत, रुळाच्या कडेने. "हे सात मीटर माझ्या रिठ्याचे," ती म्हणाली. "मोजा हवे तर." मुलीने तोंडाने शिट्टी दिली. भाईंनी नसलेला हिरवा झेंडा दाखवला. गाडी जिथून निघाली होती तिथे पोचली तेव्हा बायकोला उठता येईना. मी हात दिला.

सूरचे गृहस्थ आले, चहा प्यायले, लेथ नाही मिळणार हे ऐकून जराही रागावले नाहीत. इंजिन हातात घेऊन त्यांनी चाकं फिरवून बघितली. मग आपल्या गलबतांच्या शिडांच्या दोऱ्यांना लागणाऱ्या पितळी कप्प्यांची मापं सांगितली, करून द्याल का म्हणून. सगळ्यात लहान कप्पी चार मिलिमीटरची. मी लगेच होकार दिला.

लेथ आता नव्या घरात खिडकीखाली आहे. साड्यांचं कपाट तिथे बसलं नसतंच. बायकोने मोजलं होतं ते दारं बंद ठेवून. ते आता पलंगाच्या पायथ्याशी आहे आणि उघडायचं असलं की मला पाय वर घ्यावे लागतात. सप्टेंबरात मी दोन कॅन भरले. एकावर माझी चिठ्ठी आहे, दुसरा तिला रिठ्यासाठी दिलाय. तरी पेटवण्याआधी मी आता दोन्हींचा वास घेतो.