पडदेवालीची विभक्ती

सगळी गल्ली तिला पडदेवाली म्हणायची. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन. खिडकीचं माप घेताघेता घरातल्या माणसांचंही माप घेते, अशी तिची ख्याती. पण हल्ली पोटची पोरगीच तिला उमगेनाशी झाली होती.

पोरगी अकरा वर्षांची, लाडाचं नाव खारू. वरच्या मजल्यावर धाकटी जाऊ राहायची, छापखान्यात प्रुफं तपासायची. तिला मूलबाळ नव्हतं. खारूला गोवर आला तेव्हा तिचं मन रमावं म्हणून काकूने तिच्यासोबत एक नवीच भाषा रचायला घेतली. गोवर गेला, भाषा राहिली. जिन्यात, जेवताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना दोघी त्याच भाषेत बोलायच्या आणि खिदळायच्या.

"काय म्हणाली गं काकू?"

"काही नाही. तुला नाही कळायचं, आई."

ते 'काही नाही' पडदेवालीला टाचणीसारखं रुतलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पोरखेळ आहे."

"मग पोरींनी खेळावा! ही चाळिशीची घोडी कशाला मध्ये?"

एके दुपारी दप्तराचा तुटलेला पट्टा शिवताना तिला भाषेची वही सापडली. मग रोज खारू खेळायला गेली, की अस्तराच्या कापडाखाली वही ठेवून ती शब्द घोकू लागली. 'रेन' म्हणजे मी, 'बाको' म्हणजे मुलगी, 'टिमा' म्हणजे दे. शब्द बसले, गाडी अडली ती विभक्तीवर. शाळेत 'स, ला, ते' पोपटासारखं म्हटलं होतं, पण ते कशाशी खातात ते तेव्हाही कळलं नव्हतं. वहीत जावेच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'आपल्या ला-चा घोटाळा इथे नको. जे द्यायचं त्याला प, ज्याला द्यायचं त्याला मू.' ते सुंदर अक्षर बघूनही तिचा जळफळाट झाला.

अशात खारूने उशी काखोटीला मारली. "परीक्षा होईपर्यंत मी वरच झोपणार."

दुसऱ्या दिवशी खारू शाळेत गेली आणि पडदेवाली गळ्यातल्या टेपसकट वर चढली. दारातच छाती पुढे काढून म्हणाली, "रेनप बाकोमू टिमा!"

जाऊ आधी थक्क झाली, मग तिला हसू आवरेना. "वहिनी, तुम्ही म्हणालात, मला मुलीला देऊन टाक."

"मला माझी मुलगी दे, असं म्हणायचं होतं."

जावेचं हसू मावळलं. "मी कुठे घेतलीय?" ती हळूच म्हणाली. तिने आतून कागद-पेन्सिल आणली. "रेनमू, बाकोप. तुम्हाला द्यायचं, म्हणून तुम्हाला मू." मग मान खाली घालून म्हणाली, "या भाषेत आई हा शब्दच नाही. खारूने करूच दिला नाही. म्हणाली, आईला आईच म्हणायचं. दोन दिवस घशाखाली घास उतरला नव्हता माझ्या."

पडदेवालीने कागद आपल्याकडे ओढला. "पुढचं शिकव," ती म्हणाली.

पंधरा दिवसांत प आणि मू तिच्या जिभेवर बसले. एका रविवारी जेवताना तिने खारूकडे त्याच भाषेत मीठ मागितलं, एकही चूक न करता. वाटलं होतं, पोर गळ्यात पडेल. खारूने चमचा खाली ठेवला. "ती आमची भाषा होती!" म्हणाली आणि ताटावरून उठली. दोन दिवस ती दोघींशीही बोलली नाही. उशी खाली आली, पण वही तिने पुन्हा उघडली नाही.

भाषा दोन्ही जावांकडे राहिली. नवऱ्यांच्या तोंडावर त्यांचीच उणीदुणी काढायला ती फार सोयीची पडे. पडदेवालीला हे आवडायला लागलं होतं, आणि आवडतं म्हणून अपराधीही वाटायचं.

पुढे एकदा दोघी जिन्यात पडद्याच्या रिंगा मोजत बसल्या होत्या. आतून खारूचं हसणं ऐकू आलं. वर्गातल्या कुणा मैत्रिणीशी ती फोनवर बोलत होती, भलत्याच अगम्य शब्दांत.

"कोण हो ही नवी?" जावेने विचारलं.

जावेच्या आवाजातली टाचणी पडदेवालीने बरोबर ओळखली. "मलाही नाही सांगितलं," ती म्हणाली, आणि दोघी कान देऊन ऐकत राहिल्या.